काळ्या सालीची केळी: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

फळे घरी कशी साठवावीत, या विषयावरील लेखात अतिपिकलेल्या केळ्यांना जेमतेम एक ओळ मिळाली होती आणि त्या एका ओळीवरच सर्वांत जास्त पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न: केळ्यांवर काळे ठिपके दिसू लागले की आमच्या घरी ती कोणी खात नाही आणि दोन दिवसांत पूर्ण साल काळी पडते. सासूबाई म्हणतात की अशी केळी अवश्य वापरावीत. माझे पती म्हणतात की ती टाकून द्यावीत. केळी नेमकी कोणत्या टप्प्यावर टाकून द्यायची असतात?

सासूबाईंचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर ठरेल. मात्र निर्णय सालीकडे पाहून न घेता गराकडे पाहून आणि त्याचा वास घेऊन घ्यावा. साल काळी पडणे आणि फळ खराब होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकच समजल्यामुळे खूप चांगली केळी वाया जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

केळे झाडावरून उतरवल्यानंतरही पिकत राहते. पिकताना ते इथिलीन नावाचा वायू सोडते आणि हाच वायू पुढच्या पिकण्याला वेग देतो. कच्च्या केळ्याच्या गरात वजनाच्या सुमारे २० ते २५ टक्के स्टार्च असतो आणि साखर अगदी थोडी, म्हणजे एक-दोन टक्के असते. फळ पूर्ण पिकेपर्यंत विकरांच्या क्रियेने हे प्रमाण जवळजवळ उलटे होते: स्टार्च एक-दोन टक्क्यांवर येतो आणि साखर १५ ते २० टक्क्यांपर्यंत चढते. त्याच काळात पेशींना बांधून ठेवणारे पेक्टिन विरघळत जाते, म्हणून गर मऊ पडतो, तुरटपणा जातो आणि वास दाटतो. ठिपके पडतात ते सालीतील फिनॉल वर्गातील द्रव्यांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाल्यामुळे. कापलेले सफरचंद ज्या कारणाने तांबूस होते, तेच हे कारण. त्यात रोग नाही आणि कुजणेही नाही.

आता टाकून देण्याच्या खुणा सांगते. देठाशी किंवा सालीच्या भेगेत पांढरी, हिरवट अथवा काळी केसाळ बुरशी दिसली, साल फुटून पाणी झिरपू लागले, किंवा सोलल्यावर गोड सुगंधाऐवजी आंबूस, दारूसारखा उग्र वास आला, तर ते केळे स्वयंपाकात घेऊ नये. बुरशी लागलेला भाग कापून उरलेले वापरण्याचा मोहही टाळावा, कारण मऊ आणि ओलसर फळात बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. याउलट गर पिवळसर किंवा फिकट तपकिरी आहे, लिबलिबीत झाला आहे, एखाद्या ठिकाणी मार लागून डाग पडला आहे आणि वास मात्र स्वच्छ गोड आहे, असे केळे निःशंकपणे वापरावे. भाजण्याच्या पदार्थांसाठी तर ते ताज्या पिवळ्या केळ्यापेक्षा अधिक उपयोगी असते.

फ्रिजमध्ये ठेवलेल्या केळ्यांविषयी काही जणांनी वेगळे विचारले आहे. साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली सालीच्या पेशींना थंडीची इजा होते आणि साल एका रात्रीत काळवंडते. केळे आधी पिकलेले असेल तर आतला गर त्यानंतरही काही दिवस उत्तम राहतो. कच्चे केळे मात्र फ्रिजमध्ये ठेवू नये; ते पुढे बाहेर काढले तरी नीट पिकत नाही.

प्रश्न: केळ्यांचा ब्रेड मी तीन वेळा करून पाहिला. प्रत्येक वेळी वरून तो छान तांबूस होतो, पण तळाशी गिच्च, ओला थर राहतो. कृतीत तीन केळी सांगितली होती. घरात पाच उरली होती म्हणून मी पाचही घातली. जास्त केळी घातल्याने चव वाढेल, असे वाटले होते. माझे कुठे चुकते?

आपल्या प्रश्नातच उत्तर आहे आणि ही चूक इतक्या जणांकडून होते की तिच्याविषयी सविस्तर लिहायला हवे. केळ्याच्या गरात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. मध्यम आकाराच्या सोललेल्या केळ्याचे वजन ११५ ते १२० ग्रॅम भरते. म्हणजे तीन केळ्यांबरोबर मिश्रणात साधारण २६० ग्रॅम पाणी जाते आणि पाच केळ्यांबरोबर ४४० ग्रॅम. मैदा मात्र आपण तेवढाच ठेवला. एखाद्या पातळ पिठात जवळजवळ पेलाभर पाणी वरून ओतल्यासारखेच हे झाले. ते पाणी शोषून घेण्याइतके पीठ नव्हते, म्हणून जड गर खाली बसला आणि तळ शिजूनही ओलाच राहिला.

केळी मोजून घेऊ नयेत, गर तोलून घ्यावा, असे माझे कळकळीचे सांगणे आहे. केळी लहानमोठी असतात, त्यांच्या सालीची जाडी पिकण्याबरोबर बदलते आणि ‘तीन केळी’ या शब्दांत २०० ग्रॅमपासून ४५० ग्रॅमपर्यंत काहीही मावू शकते. माझ्या स्वयंपाकघरात जे प्रमाण कायम ठरले आहे, ते असे: कुस्करलेला गर ३५० ग्रॅम, मैदा २५० ग्रॅम, साखर १२० ग्रॅम, वितळवून कोमट केलेले बटर १०० ग्रॅम, दोन अंडी, दोन मोठे चमचे दही, एक लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा लहान चमचा मीठ. हे मिश्रण सुमारे २३ सेंटिमीटर लांब आणि १३ सेंटिमीटर रुंद साच्यात बरोबर बसते.

प्रत्येक जिन्नस कशासाठी आहे हे कळले की पुढे प्रमाण बदलतानाही पदार्थ बिघडत नाही. केळे किंचित आम्ल असते, त्यात दह्याचे आम्ल मिसळते आणि या दोन्हींशी सोड्याचा संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्याच्या बुडबुड्यांनी ब्रेड हलका होतो. सोडा वाढवला तर त्याला पुरेसे आम्ल मिळत नाही, उरलेल्या सोड्याची साबणासारखी चव जिभेवर राहते आणि रंगही नको तितका काळपट होतो. म्हणून सोडा अर्धाच चमचा ठेवावा आणि फुगण्याचे उरलेले काम बेकिंग पावडरवर सोपवावे.

करण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. ओव्हन १७५ अंशांवर आधी तापवून ठेवावा. गर काट्याने कुस्करावा. मिक्सरमधून फिरवला तर तो चिकट होतो आणि ब्रेडला जाळी नीट पडत नाही. गर, साखर, अंडी, दही आणि बटर एका भांड्यात फेटावे. मैदा, मीठ, सोडा आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून घ्यावी आणि ती शेवटी ओल्या मिश्रणात घालून कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच हलक्या हाताने उलथावी. पीठ फार घोटले तर मैद्यातील ग्लुटेनचे धागे ताठ होतात आणि ब्रेड दडस, चिवट निघतो. थोड्या गुठळ्या राहिल्या तरी चालतात. मिश्रण तयार झाल्यावर ते बाहेर ताटकळत ठेवू नये, कारण सोड्याची क्रिया ओलावा लागताच सुरू झालेली असते.

भाजायला ५५ ते ६५ मिनिटे लागतात. केळ्यातील साखरेमुळे वरचा भाग लवकर तांबूस होतो आणि तो पाहून ब्रेड झाला असे वाटते; आपल्या तळाच्या ओल्या थरामागचे हे दुसरे संभाव्य कारण आहे. चाळीस मिनिटांनंतर वरचा भाग फार गडद दिसू लागला तर त्यावर ॲल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा सैल पसरावा आणि भाजणे चालू ठेवावे. बारीक काडी मधोमध अगदी तळापर्यंत खुपसून पाहावी. ती कोरडी किंवा एखाद-दुसऱ्या कणासह बाहेर आली म्हणजे ब्रेड शिजला. साच्यात दहा मिनिटे, मग जाळीवर पूर्ण थंड होईपर्यंत, असा धीर धरावा. गरम असताना कापलेला ब्रेड आतून गिच्चच लागतो, कारण स्टार्च थंड होतानाच घट्ट बसतो. दुसऱ्या दिवशी त्याची चव अधिक मुरलेली लागते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

आणि उरलेली दोन केळी? त्यांच्यासाठी पुढची उत्तरे वाचावीत.

प्रश्न: आमच्याकडे ओव्हन नाही. ओव्हनशिवाय अतिपिकलेल्या केळ्यांचे काय करता येईल?

सर्वांत सोपा उपाय पॅनकेकचा. २०० ग्रॅम गर, १५० ग्रॅम मैदा किंवा कणीक, एक अंडे, १५० मिलिलिटर दूध, दीड लहान चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एवढे पुरते; साखर घालण्याची गरजच नसते. तवा मंद आचेवर ठेवणे मात्र आवश्यक आहे. अतिपिकलेल्या केळ्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या शर्करा भरपूर असतात आणि फ्रुक्टोज तर साध्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला तांबूस होऊ लागते. मोठ्या आचेवर बाहेरून करपलेला आणि आतून कच्चा पॅनकेक पदरी पडतो. तो लहान, तळहाताएवढाच घालावा, म्हणजे उलटताना मोडत नाही.

दुसरा उपाय गोठवलेल्या चकत्यांच्या आइस्क्रीमचा. यासाठी अगदी काळी केळी न घेता ठिपकेदार केळी घ्यावीत, कारण पूर्ण काळ्या केळ्याची चव थंड पदार्थात उग्र लागते. दीड-दोन सेंटिमीटर जाडीच्या चकत्या ताटात एकमेकींना चिकटणार नाहीत अशा मांडून दगडासारख्या कडक होईपर्यंत फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. पाच मिनिटे बाहेर ठेवून मग मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवाव्यात. आधी त्यांचा रवाळ भुगा होतो, नंतर गोळा होतो आणि त्यानंतर अचानक ते मिश्रण मऊ, लोण्यासारखे दिसू लागते. भुग्याच्या टप्प्यावर पुष्कळ जण घाबरून दूध ओततात आणि आइस्क्रीमचे पातळ पेय होते. तेथे थोडी वाट पाहावी. केळ्यातील पेक्टिनमुळे साईशिवायही हा मऊपणा येतो. कोको पावडर किंवा शेंगदाण्याचे बटर शेवटच्या फेऱ्यात घालता येते. हे लगेच खावे. पुन्हा गोठवले तर त्यात बर्फाचे खडे धरतात.

दुधाबरोबर फिरवलेले पेय तर सर्वांना ठाऊक आहे. ते करून ठेवू नये, एवढीच सूचना. तासाभरात रंग उतरतो आणि चवही बदलते.

प्रश्न: केळी गोठवताना साल ठेवावी की काढावी? मी सालीसकट गोठवली होती. बाहेर काढल्यावर काळे पाणी सुटले आणि ती पाहून मी सगळी टाकून दिली.

साल काढूनच गोठवावीत. गोठलेली साल गराला घट्ट चिकटते, सुरीने सोलताना हात कापण्याची भीती असते आणि विरघळल्यावर ती चिखलासारखी होते. सुटलेले पाणी मात्र खराबीचे लक्षण नव्हते. गोठताना पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात, ते पेशींच्या भिंती फोडतात आणि विरघळताना आतला रस बाहेर येतो. त्या रसात केळ्याची साखर आणि सुगंध असतो, म्हणून तो गरासकट तोलून मिश्रणात घालावा. तो फार पातळ वाटला तर छोट्या भांड्यात मंद आचेवर अर्धा होईपर्यंत आटवावा. अशा आटवलेल्या रसाने ब्रेडची चव विलक्षण गहिरी होते.

गर कुस्करून, दर २५० ग्रॅमला एक लहान चमचा लिंबाचा रस मिसळून, पिशवीत चपटा पसरून गोठवला तर जागा कमी लागते आणि तो लवकर विरघळतो. लिंबातील आम्लामुळे आणि क जीवनसत्त्वामुळे गर काळवंडण्याची क्रिया मंदावते. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन ते तीन महिने चव चांगली राहते. एक गोष्ट लक्षात असू द्यावी: गोठवल्याने जंतूंची वाढ थांबते, पण ते मरत नाहीत. आंबलेले केळे गोठवून सुधारत नाही.

प्रश्न: आम्ही अंडी खात नाही. अंड्याऐवजी केळे चालते असे ऐकले आहे. मग केळ्याच्याच ब्रेडमध्ये काय करावे?

इतर केकमध्ये एका अंड्याऐवजी ६० ग्रॅम, म्हणजे पाव कप कुस्करलेले केळे चालते. त्याने ओलावा आणि बांधणी मिळते. अंड्यातील प्रथिने जो उठाव देतात, तो मात्र केळे देत नाही, म्हणून पाव ते अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर वाढवावी. केळ्याच्या ब्रेडमध्ये गर आधीच भरपूर असल्याने आणखी केळे घालणे हिताचे नाही. तो पुन्हा तळाशी बसेल. त्याऐवजी वर दिलेल्या प्रमाणात दही दोन चमच्यांऐवजी १०० ग्रॅम घ्यावे आणि दोन्ही अंडी वगळावीत. हा ब्रेड थोडा अधिक घट्ट आणि तितकाच रुचकर होतो.

प्रश्न: माझ्या वडिलांना मधुमेह आहे. साखर न घालता केवळ अतिपिकलेल्या केळ्यांनी गोड केलेला केक त्यांना निर्धास्तपणे देता येईल का?

निर्धास्तपणे नाही. केळे पिकताना त्यातील एकूण कर्बोदके फारशी बदलत नाहीत. मध्यम केळ्यात ती सुमारे २७ ग्रॅम असतात. बदलते ते त्यांचे रूप. कच्च्या केळ्यातील स्टार्चचा बराच भाग सहज पचत नाही, तर अतिपिकलेल्या केळ्यातील साखर रक्तात लवकर उतरते. ३५० ग्रॅम गरात केळ्याची स्वतःचीच साखर ५० ग्रॅमच्या आसपास असते आणि त्यात मैद्याचा स्टार्च वेगळा. ‘साखर घातलेली नाही’ याचा अर्थ ‘साखर नाही’ असा होत नाही, ही गोष्ट पाकिटबंद पदार्थांबाबतही तितकीच खरी आहे. किती तुकडा चालेल हे वडिलांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

घरातील इतरांसाठी साखर कमी करायची असेल तर वरच्या प्रमाणातील १२० ग्रॅम साखर ८० ग्रॅमपर्यंत खुशाल उतरवावी. त्याखाली गेल्यास ब्रेड कोरडा आणि फिका पडू लागतो, कारण साखर ओलावा धरून ठेवण्याचे आणि रंग आणण्याचेही काम करते.

प्रश्न: केळ्यांचा जॅम करून बाटल्या भरून ठेवता येतील का?

फ्रिजमध्ये ठेवण्यासाठी थोडा जॅम जरूर करावा. कपाटात महिनोन्‌महिने ठेवण्यासाठी करू नये. घरी बाटलीबंद केलेला पदार्थ बाहेर सुरक्षित राहण्यासाठी त्याचा सामू (पीएच; हा आकडा जितका कमी, तितका पदार्थ अधिक आम्ल) ४.६ च्या खाली असावा लागतो, कारण सामू त्याहून जास्त असेल तर बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू हवाबंद बाटलीत विष तयार करू शकतात. केळ्याचा सामू साधारण ४.५ ते ५.२ असतो, म्हणजे तो याच मर्यादेच्या आसपास आणि बरेचदा वरच भरतो. अंदाजाने पिळलेल्या लिंबावर एवढी मोठी जोखीम सोपवू नये. ५०० ग्रॅम गर, २०० ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस जाड बुडाच्या भांड्यात सतत ढवळत आटवावा, थंड करून स्वच्छ बाटलीत भरावा आणि फ्रिजमध्ये ठेवून आठवडाभरात संपवावा.

प्रश्न: केळी ओट्यावर ठेवली की त्यांभोवती चिलटे घोंघावू लागतात. ती केळी वापरावीत का? आणि सालींचे काय करावे?

चिलटे आंबण्याच्या वासाकडे येतात आणि सालीच्या भेगांवर अंडी घालतात. साल अखंड असेल तर केळी धुऊन, पुसून, सोलून वापरता येतात. साल फाटलेली असेल आणि चिलटे त्यावर बसत असतील तर ते केळे टाकावे. लहान वाटीत थोडे व्हिनेगर आणि त्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकून ठेवला की चिलटे त्यात अडकतात. साबणामुळे पृष्ठताण मोडतो आणि त्यांना द्रवावर उभे राहता येत नाही.

साली बारीक चिरून कंपोस्टमध्ये घालाव्यात आणि वर कोरडा पाला किंवा माती पसरावी. अख्खी साल कुजायला वेळ लागतो आणि तिच्यावर पुन्हा चिलटे जमतात.

प्रश्न: मी एकटाच राहतो. माझ्याकडे आठवड्याला एखादेच केळे जास्त पिकते. एका केळ्यासाठी एवढा खटाटोप करावा का?

एका केळ्यासाठी ओव्हन तापवू नये. ते साठवत जावे. फ्रीझरमध्ये एक पिशवी केवळ यासाठीच राखून ठेवावी. केळे खाण्याजोगे राहिले नाही असे वाटले की त्याच दिवशी सोलावे, काट्याने कुस्करावे, गर तोलावा आणि पिशवीत आधीच्या थरावर पसरावा. ‘उद्या करू’ म्हणून ओट्यावर ठेवलेले केळेच शेवटी आंबते. पिशवीवर कागदाची पट्टी चिकटवून पहिल्या केळ्याची तारीख आणि प्रत्येक वेळचे वजन लिहीत जावे. बेरीज ३५० ग्रॅमवर पोचली, की रात्री पिशवी एका वाडग्यात ठेवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवावी. सकाळी गर रसासह भाजायला तयार असतो.